रिकामं चालणं

आमच्या गावात पुरुषमाणूस रस्त्यानं रिकामा चालू शकत नाही. बंदी वगैरे काही नाही. पण दहा पावलं टाकली की ओट्यावरून, टपरीवरून, मोटारसायकलवरून एकच सवाल येतो, "कुठं निघाले?" हा आमच्याकडचा रामराम आहे. त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरात काहीतरी काम असावं लागतं. रानात निघालो, गिरणीवर निघालो, पोरीला बसमध्ये बसवायला निघालो. "कुठं नाय, असंच" असं कुणी म्हणालं तर विचारणारा गाडी बंद करून खाली उतरतो आणि घरात काही वाद झाला का, याची हळू आवाजात चौकशी करतो.

गाव शेंद्र्याच्या एमआयडीसीच्या कडेला. एका अंगाला कंपन्या, दुसऱ्या अंगाला तूर आणि कपाशी. मी एका कंपनीत मशीनवर आहे, आता पंचविशी झाली नोकरीची. तिथं शिफ्ट सुरू होण्याआधी पाच मिनिटं व्यायाम घेतात. स्पीकरवर गाणं लागतं आणि आम्ही मिशा पिकलेले गडी रांगेत उभं राहून हात वर, हात खाली करतो. कुणालाच लाज वाटत नाही, कारण साहेबानं सांगितलेलं असतं. तेच हात मी माझ्या अंगणात वरखाली केले असते तर बायकोनं अंगारा आणला असता. वरातीतही तीच गत. बँड वाजायला लागला की सगळ्यांचे पाय आतून सळसळतात, पण आपणहून कुणी नाचत नाही. कडेला उभं राहायचं, कुणीतरी हाताला धरून ओढेपर्यंत "नको, नको" करायचं, आणि ओढणारा आलाच नाही तर त्याच्यावर मनातल्या मनात चिडायचं. मी स्वतः दोन लग्नांत असा उभ्या उभ्या चिडलेलो आहे. आमच्याकडं पुरुषाच्या अंगाला हलायला निमित्त लागतं, आणि हे निमित्त नाही मिळालं तर माणूस जिवाला कसा मुकू शकतो, ते मी माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत बघितलं.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण सांगायलाही लाज वाटते. वाटणी झाल्यावर मी माझ्या रानात नांगरटीला ट्रॅक्टर लावला आणि कामावर गेलो. ट्रॅक्टरवाल्यानं आमच्या दोघांमधला बांध माझ्या बाजूनं हातभर नांगरून टाकला. दुसऱ्या दिवशी दादा दारात आला आणि म्हणाला, "बांध कोरला व्हय रे?" मला फक्त "चुकलं, नीट करून देतो" एवढंच म्हणायचं होतं. पण मी कसला म्हणतोय. मी म्हणालो, "ट्रॅक्टरला डोळे नसत्यात." दादा म्हणाला, "तुला तर हायत ना," आणि उंबऱ्यावरूनच परत गेला. बांध मी चार दिवसांनी पहिल्यासारखा घालून दिला. बोलणं मात्र पडलं ते पडलंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आमच्याच घरात बसून कुणीतरी केली असावी.

गंमत अशी की या अकरा वर्षांत आम्ही दोघं रोज संध्याकाळी एकाच टीमकडून खेळलो.

आमच्याकडं शाळेमागच्या मैदानात शूटिंग बॉल चालतो. व्हॉलीबॉलचाच भाऊ, पण रांगडा. मध्ये जाळी, एका बाजूला सात गडी, आणि आलेला बॉल उचलून, सजवून कुणाला द्यायचा नाही, दोन्ही हातांनी तसाच पलीकडं हाणायचा. नियम आमचे आमच्यापुरते. पंचविशीतला आणि साठीतला एका बाजूला खेळतात आणि साठीतलाच जास्त ओरडतो. दादा मागच्या डाव्या कोपऱ्यात, मी बरोबर त्याच्यापुढं. मैदानाच्या कडेला चपला काढल्या की भावकी चपलांपाशी राहिली, हे गावानं फार पूर्वीच ठरवून टाकलंय. त्यामुळं "आला", "घे", "मागं हो" एवढे शब्द अबोल्यात धरले जात नव्हते. माझी पाठ त्याच्याकडं असायची, तरी तो कुठं उभा आहे हे मला न बघता कळायचं. माझ्या हातून सुटलेला बॉल त्यानं घेतला नाही असं फार कमी वेळा झालं. मग अंधार पडायला लागला की घाम पुसायचा, चपला घालायच्या, आणि तो त्याच्या रस्त्यानं, मी माझ्या.

दुसरा एक नियम असा की बॉल वयानं सगळ्यात मोठ्या गड्याच्या घरी राहणार. दादाच मोठा, म्हणून बॉल आणि हवा भरायचा पंप त्याच्याकडं. तो मळ्यातल्या वस्तीवर राहतो, मैदानापासून किलोमीटरभर. रोज साडेपाचला बॉल काखेत घेऊन तो यायचा, आणि त्याला आयुष्यात कधी वाटलं नाही की आपण चालतोय. तो बॉल आणत होता.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी बॉल आला नाही. आम्ही बाराचौदा जण जाळी बांधून उभे. पावणेसहा झाले. कुणीतरी म्हणालं, दादाला दुपारीच शहरात नेलं, छातीत दुखत होतं म्हणून. मी गडबडीत चपला तिथंच विसरलो. रिक्षातून दवाखान्यात पोचलो तेव्हा पायाकडं लक्ष गेलं.

दादाच्या छातीत दोन स्प्रिंगा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत स्टेंट, बसवल्या. तीन दिवस मी कंपनीतून सुटलो की तिथं जायचो आणि बाहेरच्या बाकड्यावर बसायचो. आत गेलो तो एकदाच, तो झोपला असताना. बाप गेला त्यानंतर मला एवढं भ्या कधी वाटलं नव्हतं. हा माणूस न बोलता गेला तर मी काय करणार होतो, हे मला कळत नव्हतं. पण तो जागा झाला आणि मी बाहेर सटकलो. इतका नालायकपणा माझ्यात आहे, तो मी लपवून काय उपयोग.

घरी सोडताना डॉक्टरनं सांगितलं, सहा महिने खेळायचं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि रोज चालायचं. अर्धा तास, पाऊण तास, पण रोज. बसून राहिलात तर स्प्रिंगा काही कामाच्या नाहीत.

चार दिवसांनी पुतण्या मैदानावर बॉल आणि पंप घेऊन आला. "बाबा म्हणले, देऊन टाक कुणालाबी," एवढं सांगून तो गेला. कुणीच हात पुढं करीना. शेवटी मी घेतला.

पुढचं मला वहिनीकडून कळलं. म्हणजे वहिनीनं माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला. या दोघी जावा अकरा वर्षांत एक दिवसही अबोल्यात नव्हत्या. आमचं भांडण त्यांनी कधी मनावर घेतलंच नाही. मागच्या दारानं लोणचं इकडं, कुरडया तिकडं, सगळं सुरळीत चालू होतं.

तर दादा पहिल्या दिवशी चालायला निघाला. वस्तीच्या बाहेर पडला नाही तोच एकानं विचारलं, "कुठं निघाले?" दादा म्हणाला, "गोळ्या आणायला." "मग बसा की, सोडतो." आता आजारी माणसाला कुणी पायी जाऊ देतं का? दादाला गाडीवर बसवून मेडिकलपर्यंत नेलं, आणि वर त्याच गाडीवर घरी आणून सोडलं. चालणं झालं दारापासून गाडीपर्यंत. दुसऱ्या दिवशी त्यानं हातात विळा घेतला, म्हणजे रानात चाललोय असं दिसावं. एका म्हाताऱ्यानं अडवलं, "या दिवसांत काय कापायलास बाबा, ढेकळं?" तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं गाडीवर बसवलं. चौथ्या दिवशी पुतण्यानं शहरातून पांढरे बूट आणले, खाली हिरवा तळवा असलेले. दादानं खोकं उघडलं, बघितलं, झाकण लावलं. "हे घालून मी गावातनं जाऊ? लोक म्हणतील, डोक्यात बी स्प्रिंग बसवली का काय."

पाचव्या दिवसापासून तो निघालाच नाही. ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची, त्यात दादा. सकाळी तिथं, संध्याकाळी तिथं. वहिनी म्हणाली, पायाला सूज आली, जेवण तुटलं, सगळ्यांवर खेकसतो, आणि साडेपाच वाजले की रस्त्याकडं पाठ करून बसतो. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर रागावला. असंच चाललं तर पुन्हा इथंच आणावं लागेल आणि तेव्हा मी काही बोलू शकणार नाही, असं म्हणाला. वहिनी हे सांगताना रडली. हेही बायकोनंच सांगितलं.

मला राग आला. मला कायम आधी रागच येतो, बाकीचं नंतर. मी बायकोला म्हणालो, "बसू दे त्याला. हौस हाय त्याला मरायची." तिनं ताट वाढून माझ्यापुढं ठेवलं. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. समोर कोनाड्यात बॉल होता. मी आणल्यापासून तिथंच, कारण दादाशिवाय खेळायला कुणाचं मन होत नव्हतं, आणि रोज थोडा थोडा मऊ पडत चाललेला. बायकोनं माझी नजर बघितली आणि म्हणाली, "तो तुमचा हाय का? ज्याचा त्याला देऊन या."

मला वाटतं तिला एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. दादाला चालायला रस्ता नको होता, बूट नको होते. त्याला उत्तर पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की यापुढं बॉल दादा आणणार. पायी आणणार. जो कुणी त्याला गाडीवर बसवेल त्याला सहा महिने टीममध्ये घ्यायचं नाही. एक जण म्हणाला, "आणि गावातल्या बाकीच्यांना कोण सांगणार?" मी म्हणालो, "तुमच्या तोंडांना काय कुलूप हाय?" रात्रीपर्यंत सगळ्या गावाला कळलं. आमच्याकडं एखादी गोष्ट पसरवायची असेल तर फक्त ती कुणाला सांगू नका म्हणायचं असतं, आणि निघताना एकाच्या कानात तेही मी म्हणालो होतो.

मग दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. अकरा वर्षांनी. बॉल काखेत, पंप हातात. दादा खुर्चीत होता. सुकला होता. गळ्याची हाडं दिसत होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बॉलकडं बघितलं, आणि परत रस्त्याकडं तोंड केलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि हातातली परात तशीच धरून ठेवली.

मी वाटेत बरंच काय काय पाठ केलं होतं. तोंडातून निघालं ते असं, "माझ्याकडं ह्याच्यात हवा राहीना."

दादा म्हणाला, "मी आता खेळतो का? ठेव तिकडंच."

"खेळ म्हणून कोण म्हणालं? बॉल वयानं मोठ्याच्या घरी, असा नियम हाय. खेळला नाय तरी मोठा तूच. रोज साडेपाचला मैदानावर पायजे. आणि ज्याच्या घरी त्यानंच आणून द्यायचा, दुसऱ्याच्या हाती पाठवायचा नाय."

"हे कधी ठरलं?"

"काल."

त्यानं हात पुढं केला. बॉल मांडीवर घेऊन अंगठ्यानं दाबून बघितला. "पार मऊ करून टाकला," म्हणाला. वहिनी आत गेली आणि लगेच चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही सगळे मैदानावर आणि बॉलचा पत्ता नाही. पावणेसहा झाले. मी नको नको ते मनात आणत होतो. मग लांब गिरणीच्या वळणावर तो दिसला. सावकाश, दोन ठिकाणी थांबत, पण पायी. बॉल काखेत. मागून दूधवाला आला. सवयीनं त्यानं गाडी थांबवली, "कुठं नि..." इथपर्यंत बोलला, आणि मग त्याला आठवलं असावं. गाडी रेस करून तो असा पळाला की किटल्यांचा आवाज मैदानापर्यंत आला. आम्ही सगळे हसलो आणि दादा जवळ आल्यावर गप्प झालो. तो कडेच्या दगडावर बसला, धाप लागली होती. बॉल माझ्याकडं टाकला. "उशीर झाला," म्हणाला. मी म्हणालो, "चालतंय."

त्या दिवसापासून रोज. येताना किलोमीटर, जाताना किलोमीटर. कुणी विचारलं "कुठं निघाले?" की दादा ताठ मानेनं "बॉल द्यायला" म्हणायचा. महिन्याभरात वाटेतलं थांबणं बंद झालं. पायाची सूज उतरली. दगडावर बसून तो आमचा खेळ बघायचा आणि शिव्या घालायचा. सगळ्यात जास्त मला. त्याच्या कोपऱ्यात उभा राहणारा नवा गडी माझ्या मागं फार लांब असायचा, आणि सुटलेला बॉल माझ्या मागं पडला की मी न बघता चिडायचो. दादा दगडावरून त्या गड्याला ओरडायचा, "आरं त्याच्या उजव्या अंगाला सुटतंय कायम, तिकडं सरक." अकरा वर्षं हा माणूस माझ्या पाठीकडं इतकं लक्ष देऊन बघत होता, हे मला तेव्हा कळलं. मला भरून आलं. मी बॉल आणायला म्हणून लांब पळत गेलो आणि तोंड पुसून आलो.

पण हे सगळं मैदानावरचं. वस्तीवरच्या त्या एका दिवसानंतर मैदानाबाहेर आम्ही काही बोललो नव्हतो. चपला घातल्या की तो त्याच्या रस्त्यानं, मी माझ्या.

थंडी सुरू झाली तेव्हा एका संध्याकाळी माझ्याकडून बॉल वाकडा गेला आणि कडेच्या बाभळीच्या फांदीवर बसला. काटा आरपार. फुस्स झालं आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. पंक्चरवाल्यानं हात टेकले. नवा बॉल शहरातून आणायचा, तर आणणारा गडी रविवारी जाणार होता. म्हणजे तीन दिवस खेळ बंद. लोक म्हणाले बरं झालं, तीन दिवस आराम. माझ्या डोळ्यापुढं मात्र ती प्लास्टिकची खुर्ची आली. तीन दिवस तो बसला की चौथ्या दिवशी उठणार नाही, हे मला माहीत होतं. मला माझाच राग आला. तेव्हा बांध, आता बॉल.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून आलो, चहा न घेताच वस्तीकडं निघालो. काय सांगणार होतो ते ठरलं नव्हतं. नुसता पंप तरी आणून दे म्हणणार होतो बहुतेक. आमच्या रानाच्या कडेला वळलो आणि बघतो तर समोरून दादा. साडेपाच वाजले होते. दोन्ही हात रिकामे. पायात ते पांढरे बूट, हिरव्या तळव्याचे.

मी बुटांकडं बघितलं. तो म्हणाला, "पडून खराब व्हायलेत म्हणून घातले."

मी वळलो आणि त्याच्या बाजूनं चालायला लागलो. उजव्या हाताला तोच बांध होता. आता त्याच्यावर गुडघाभर गवत. मी म्हणालो, "दादा, त्या वक्ताला माझी चूक होती."

"व्हय," दादा म्हणाला. "होतीच."

मी वाट बघितली. त्याची चाल तशीच राहिली, माझ्या बरोबरीनं, आणि मला अकरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं.

गिरणीच्या वळणावर दूधवाला आडवा आला. गाडी थांबवून त्यानं पाय टेकले. दादाच्या हातांकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. बॉल नाही, विळा नाही, पिशवीसुद्धा नाही.

"कुठं निघाले दोघं?"

मी घाईघाईनं काहीतरी जुळवायला लागलो. गिरणीवर म्हणावं, का गोळ्या आणायला. दादानं मला तोंड उघडू दिलं नाही.

"कुठं नाय," तो म्हणाला. "नुसतं चालायलोत. दोघं भाऊ."

दूधवाला गाडीवरून खाली उतरला नाही की त्यानं काही चौकशी केली नाही. "बरंय," म्हणाला आणि निघून गेला. आम्ही मैदान ओलांडून हायवेपर्यंत जाऊन आलो.